मोहदऱ्याचा पत्ता

यवतमाळच्या कचेरीत ज्या कारकुनाने पंचफुलाला विचारलं, "बाई, पत्ता कोणता लिहू?" तो तसा भला माणूस होता. त्याने तिला बाकावर बसवलं, पाणी हवं का विचारलं, आणि समजावूनही सांगितलं की अर्ज नागरिकत्वाचा आहे, इथे पत्ता एकच चालतो. पंचफुलाकडे गावं दोन होती. बहुतेक बायकांकडे दोन असतातच, एक जन्माचं आणि एक लग्नाचं. पण या दोनांतलं एक ठेव आणि एक सोड, असं सरकारने कुणा बाईला सांगितल्याचं तिने तरी ऐकलं नव्हतं.

"त्या गावचा पाटील लिहून देईल की तुम्ही तिथेच राहता," कारकून म्हणाला. "मग चौकशी होईल. कागद हातात येईपर्यंत त्या ठाण्याच्या हद्दीबाहेर जायचं नाही. विचार करून सांगा."

"घरी इचारून सांगीन साहेब," ती म्हणाली. सोबत दीर होता, पंजाबराव. दोघं यष्टीने परत निघाली. विचारायचं खरं तर काहीच नव्हतं. पत्ता ठरलेला होता आणि तो ठरवणारा माणूस समुद्राकाठी कराचीत बसला होता.

पंचफुला सावरखेड्याची. सावरखेडा वणी ठाण्यात. तिला दिली मोहदऱ्याच्या उकंडाला, आणि मोहदरा मुकुटबन ठाण्यात. दोन गावांच्या मध्ये खडकी नाला वाहतो, तीच दोन ठाण्यांची हद्द. लग्नाची वरात त्या नाल्यातून गेली तेव्हा हद्दीबिद्दीचा विचार कोणाच्याच मनात नव्हता. नवरीचं लुगडं भिजू नये एवढीच काळजी होती. पुढे लढाईच्या दिवसांत उकंडा फौजेच्या मजुरांत भरती झाला, फिरत फिरत कराचीला पोचला, आणि लढाई संपल्यावर तिथल्याच नगरपालिकेत गटारं साफ करायच्या कामाला लागला. बायकोला घेऊन गेला. मग देशाची वाटणी झाली. त्या दिवशीही गटारं तुंबलेलीच होती, त्यामुळे उकंडाला ती बातमी जरा उशिराच कळली. लोक बोटीत बसून इकडे यायला लागले तसा तोही बोचकं बांधून धक्क्यावर गेला. तिथे त्याला सांगण्यात आलं की व्यापारी जाऊ शकतात, मास्तर जाऊ शकतात, सफाईवाल्यांना सोडायचं नाही. शहर घाण होईल. असा तिथल्या सरकारचा हुकूमच होता. जन्मभर ज्याला कोणी जवळ येऊ दिलं नाही, त्याला आता कोणी दूर जाऊ देईना.

तो राहिला. जया तिथेच जन्मली. जया चार वर्षांची असताना सावरखेड्याहून पंचफुलाची आई आजारी असल्याचं कळलं, आणि बायकोपोरीला जायची परवानगी मिळाली. पासपोर्ट पाकिस्तानचा, त्यावरच्या व्हिसात इकडची दोन गावं लिहिलेली. निघताना उकंडा तिला म्हणाला होता, "तू आता परतू नको. तिकडचीच होय. मले सुट्टी भेटली का मी येईन. कागदावर गाव लिहा लागते, अन् मले मोहदऱ्याबिगर दुसरं गाव नाही. तू मोहदऱ्यालेच राह्य म्हंजे झालं." तिने मान हलवली होती. एवढं सोपं होतं.

ती आली तेव्हा इकडे सगळं बदललं होतं. पंजाबराव आणि वस्तीतली झाडून सगळी माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. घरातले देव नाल्यात सोडले होते. मेलेली ढोरं ओढायची नाहीत अशी शपथ घेतली होती, आणि ती पाळलीही होती. शेतकऱ्यांना ते फार लागलं. शपथ त्यांनी घेतली नव्हती, पण वास त्यांना येत होता. त्यांनी वस्तीतल्या बायांना निंदणाला बोलवणं बंद केलं, दुकानदाराने उधारी तोडली. पंजाबराव वणीला जाऊन दगड फोडायचा आणि ताठ मानेने घरी यायचा. सावरखेड्याला पंचफुलाचा भाऊ धरमा होता, त्याचाही आता धर्मपाल झाला होता. आई मात्र तीन आठवड्यांत गेली. दिवस झाल्यावर पंचफुला मोहदऱ्याला सासरी राहायला आली, तिथल्या चुलीपाशी बसली, आणि तिला वाटलं, आलो बाई एकदाच्या.

पत्ता लिहायचा तर पाटलाची सही हवी. पाटील म्हणजे मारोतराव. पंजाबराव त्यांच्या ओट्याखाली जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं. मारोतराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"देतो ना लिहून," ते म्हणाले. "तुही भावजय ते आमच्या गावची सून. पण पंजाब, आमचा मोऱ्या बैल पडला रे काल. चौदा वर्स राबला. गोठ्यात तसाच आहे. तेवढा ओढून टाक. मंग बसून निवांत लिहू."

पंजाबराव घरी आला आणि त्याने आढ्याकडे पाहिलं. आढ्याला एक जुना अंबाडीचा दोर खोचलेला होता. ढोरं ओढायचाच दोर तो. शपथ घेतल्यावर काम सोडलं होतं, पण चांगला दोर गरिबाच्या घरातून असा टाकवत नाही. त्याने तो काढला, झटकला आणि खांद्यावर घेतला. पंचफुला तांदूळ निवडत होती. तिने दोर पाहिला आणि सूप खाली ठेवलं. कशासाठी ते तिला सांगावं लागलं नाही. बैल पडल्याचं सगळ्या वस्तीला कळलं होतं.

"भाऊजी, दोर ठेवा."

"वहिनी, दादासाठी करून राह्यलो. कोनासाठी नाही."

म्हातारी मैनाबाई, उकंडाची आई, कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "ओढू दे माय त्याले एक डाव. एका डावानं काय होते? माहा उकंडा येईल ना घरी. किती वर्स झाले त्याचं तोंड पाह्यलं नाही."

आता यात म्हातारीचं तरी काय चुकलं? तिला धम्मही हवा होता आणि लेकही हवा होता, आणि दोन्हीत काय निवडायचं असं कोणी विचारलं तर कोणती आई काय सांगेल हे विचारायची गरज नाही. पंचफुलाने सासूकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं. तो उंबऱ्यात उभा होता आणि त्याची मान, जी सबंध गावाने घास तोडला तरी वाकली नव्हती, ती खाली होती. तिला ते बघवेना.

"आज बैल ओढसान, उद्या तो म्हनंल म्हैस पडली," ती म्हणाली. "कागद माहा अन् मान तुमची? मले नाही पाह्यजे असा पत्ता."

"मंग दादा आला तं?"

तिने त्याच्या खांद्यावरचा दोर ओढून घेतला, आत जाऊन आपली दोन लुगडी, जयाचे कपडे आणि एक तांब्या यांचं गाठोडं केलं आणि त्याच दोराने करकचून बांधलं. मैनाबाई तिला पोचवायला दारापर्यंतही आली नाही. पंजाबराव गाठोडं घेऊन नाल्यापर्यंत गेला आणि तिथून सबंध वाटेत तोंड पुसत परतला.

सावरखेड्याच्या पुंडलिकराव पाटलांनी सही करायला तोंडातलं पानसुद्धा थुंकलं नाही, आणि बदल्यात काही मागितलंही नाही. सगळेच पाटील मारोतराव नसतात हे सांगितलं पाहिजे. यवतमाळच्या कारकुनाने लिहून घेतलं: मुक्काम सावरखेडा, ठाणे वणी. पंचफुलाने अंगठा उमटवला. हाताला शाई लागली ती तिने पदराला पुसली, आणि मग पदर बघून तिला रडू आलं, कारण ते लुगडं उकंडाने घेऊन दिलेलं होतं.

सरकारी चौकशी कशी चालते हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं वेगळं सांगायला नको. कागद यवतमाळहून वणीला आला, वणीहून परत गेला, कुठेतरी बसला, उठला, पुन्हा बसला. पंचफुला वणी ठाण्यात हजेरीला जायची. तिथला जमादार भावसिंग तिला दर वेळी बजावायचा, "बाई, नाला वलांडू नको. कोनी जाऊन सांगितलं तं तुहा अर्ज फाटल, अन् पोरीसंगट वापस धाडतील." दटावत नव्हता, काळजीनेच सांगत होता. भावजय बेबीताई तोंडाने फटकळ, पण जेवायला वाढताना हात आखडणारी नव्हती. "माहेरी किती दिवस?" असं येणारीजाणारी विचारायची. पंचफुला म्हणायची, "सरकार सांगंल तितके." लोक हसायचे. हसू तिलाही यायचं, पण रात्री ते टिकत नसे.

एकोणसाठ सालच्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, पंजाबराव सकाळीच सावरखेड्यात आला. धापा टाकत उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, दादा आला."

उकंडा आला होता. व्हिसाच्या कागदावर गाव मोहदरा, ठाणे मुकुटबन. त्या हद्दीबाहेर पाऊल टाकायची त्यालाही बंदी. सुट्टी थोडकी. तो परत येईल म्हणून कराचीत दोन सोबती जामीन राहिले होते, तो न गेला तर त्यांच्या नोकऱ्या जाणार होत्या. धर्मपाल तसाच उठून वणीला धावला. भावसिंग जमादाराने हात जोडले. परवानगी यवतमाळहून यावी लागते म्हणाला, अर्ज लगेच पाठवतो म्हणाला, आणि खरंच पाठवला. त्या अर्जाची मंजुरी आली, तीही खरी. उकंडा गेल्यानंतर आली.

मग दोन्ही घरांनी ठरवलं की नाल्यावर यायचं.

दुपारची वेळ होती. सावरखेड्याच्या काठाला पंचफुला, धर्मपाल आणि जया. मोहदऱ्याच्या काठाला एका काळ्या दगडावर उकंडा बसलेला, बाजूला पंजाबराव. नाल्याला गुडघाभर पाणी. आता तुम्ही म्हणाल, ओलांडायचा की! गुडघाभर तर पाणी, चिटपाखरू नाही आसपास, कोण बघतंय? तुम्ही म्हणाल, कारण तुमच्या आज्यापणज्याने गावोगाव सरकारी हुकूम पोचवत उन्हात पाय भाजले नाहीत. हद्द म्हणजे काय, हे या लोकांच्या हाडात होतं. टेकाडावर मारोतरावांची गुरं चरत होती आणि गुरांमागे राखणदार होता. त्याने जाऊन एक शब्द सांगितला असता तर त्या मायलेकींची रवानगी झाली असती. म्हणून नवरा त्या काठाला थांबला आणि बायको या काठाला, आणि जे उशाशी कुजबुजत बोलायचं ते दोघांना ओरडून बोलावं लागलं.

"बरी आहेस ना?"

"बरी आहो. तुमी वाळले लई."

"पोरगी मोठी झाली!"

"हो!"

धर्मपालला ते सहन होईना. "पोर काही सरकारची नाही, माही भाची आहे," असं म्हणून त्याने जयाला उचललं आणि पाण्यात उतरून पलीकडे नेलं. पंचफुलाचा जीव उडाला, पण तिने अडवलं नाही. उकंडाने लेकीला मांडीवर घेतलं. जयाला तो माणूस आठवेना. ती अंग चोरून बसली, मग रडायला लागली. त्याने पिशवीतून फ्रॉक काढला, गुलाबी, झालरीचा. तिच्या अंगाला लावून पाहिला. तो चार वर्षांच्या पोरीच्या मापाचा होता. तो कितीतरी वेळ फ्रॉक हातात घेऊन बसला, आणि मग घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला. धर्मपालने जयाला परत आणलं.

मग उकंडा उभा राहिला. मैनाबाईने त्याचे कान भरलेच होते, आणि आल्यापासून जे विचारायचं होतं ते त्याने विचारलं.

"काहून नाही लिहला माह्या घरचा पत्ता? म्या सांगून धाडलं होतं ना तुले? आज घरात राह्यली असती तू! काहून?"

पंजाबरावने आजवर भावाला सांगितलं नव्हतं. आता तो खाली मान घालून पाण्याकडे बघत होता. पंचफुलाने सांगितलं. ओरडून सांगितलं, कारण दुसरा मार्ग नव्हता: मारोतरावांचा बैल, सही, दोर. शेवटी म्हणाली, "भाऊजीच्या खांद्यावर दोर नाही पाहावला मले. चुकलं असंल तं बोला."

उकंडाने भावाकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. गटारातल्या कामाने नखं काळी पडलेली, बोटांच्या बेचक्या कुजलेल्या.

"मी तिकडं रोज उतरतो," तो म्हणाला, आणि आता तो ओरडत नव्हता, तरी ऐकू येत होतं. "मले सोडत नाहीत म्हनून उतरतो. हा सुटला. आपल्यातला एक तं सुटला. त्याले माह्यासाठी कायले अडकवा? बरं केलं तू. पंचफुला, बरं केलं."

ती मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडली. इतकी वर्षं तिला हाच एक शब्द हवा होता, आणि तो मिळाला तेव्हा तो देणाऱ्याच्या पायाला हात लावायची सोय नव्हती.

दिवस कलायला लागला तसा उकंडा म्हणाला, "मले दीक्षा भेटली नाही. तिकडं कोन देते? तुले येते का म्हनता?" तिने डोळे पुसले, हात जोडले आणि काठावर उभी राहून त्रिशरण म्हणायला लागली. एकेक ओळ ती म्हणायची आणि पलीकडून तो म्हणायचा. उच्चार दोघांचेही धड नव्हते. संपल्यावर तो म्हणाला, "आता मीबी." मग तो वळला. पंजाबराव त्याच्या मागे. झाडीत शिरेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो गेला नसता, आणि कराचीतल्या दोन जामीनदारांच्या घरची चूल विझली असती. पंचफुलाला हे कळत होतं. कळून दुःख कमी होत नाही, एवढंच.

पुढच्या पावसाळ्यात तिचा कागद आला. पंचफुला, मुक्काम सावरखेडा, भारताची नागरिक. भावसिंग जमादाराने ठाण्यात सगळ्यांना गूळ वाटला आणि तिला म्हणाला, "जाय बाई, आता कुठंबी जाय. काश्मीरले जाय." ती घरी आली, गाठोडं काढलं, त्याच अंबाडीच्या दोराने बांधलं, जयाचं बोट धरलं आणि निघाली. नाल्याला पूर होता. ओसरेपर्यंत दोघी काठावर बसल्या आणि मग पलीकडे मोहदऱ्याला गेल्या.

मैनाबाईने तिला दारात पाहिलं. सरकून चुलीपाशी जागा दिली. पंचफुलाने दोर अंगणात दोन झाडांना बांधला आणि त्यावर धुणं वाळत घालायला लागली. मारोतराव पाटील एकदा घरावरून जाताना म्हणाले, "आली का सूनबाई? कागदावर तं दुसरं गाव आहे म्हनते." ती म्हणाली, "कागद सरकारचा आहे पाटील. घर माहं आहे." आता तिला कोणाच्या सहीची गरज नव्हती.

उकंडाची पत्रं यायची, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली, सगळी सारखीच: तब्येत बरी, पुन्हा सुट्टी मागितली आहे, मोहदऱ्याचाच पत्ता दिला आहे, तिथेच राहा. पासष्टची लढाई झाली आणि टपाल बंद पडलं. लढाई थांबली तरी पत्र आलं नाही. धर्मपालने कुठे कुठे चौकशी केली. जिवंत आहे असं कोणी सांगितलं नाही आणि नाही असंही कोणी सांगितलं नाही. मैनाबाई त्याचं नाव घेतच वारली. पंचफुला कुंकू लावत राहिली. काही बाया मागे बोलायच्या, त्यांना बोलू द्यावं.

या सगळ्यात एक गोष्ट हळूहळू लोकांच्या लक्षात आली. पंचफुला मोहदरा सोडत नसे. मुकुटबनचा बाजारसुद्धा तिने पंजाबरावच्या बायकोवर टाकला. भावाच्या घरी वास्तुशांती नव्हे, पण नव्या घराची वंदना होती, बेबीताई स्वतः बोलवायला आली. ही गेली नाही. फटकळ बेबीताई म्हणाली, "तवा जाऊ देत नव्हते म्हनून रडे, आता जाऊ देतात तं जात नाही. काय बाई आहे!" पंचफुला नुसती हसली.

अडुसष्ट साली जयाचं लग्न झालं. नवरा वणीच्या कोळसा खाणीत कामाला. लग्न मोहदऱ्यातच झालं, आणि दुसऱ्या दिवशी बैलगाडी निघाली तशी पंचफुला गाडीमागून चालत नाल्यापर्यंत आली. तिथे ती थांबली. उतार होता, पाणी जेमतेम घोट्याइतकं. जया गाडीतून खाली उतरली आणि आईचा हात धरून ओढायला लागली.

"आई, चाल ना घर पाहाले. दोन दिवस राह्य. आता तुले कोन अडवते?"

"कोनी नाही अडवत माय."

"मंग?"

पंचफुलाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पदराने तिचे डोळे पुसले. "माह्या हातून एक डाव तो पत्ता चुकला," ती म्हणाली. "ते आले अन् मी घरी नसली तं?"

जया गाडीत जाऊन बसली. गाडी पाण्यात उतरली, पलीकडे चढली. जयाने मागे वळून हात केला. पंचफुला अलीकडेच उभी राहिली, त्या काळ्या दगडापाशी, आणि गाडी झाडीआड गेल्यावर घाईघाईने परत निघाली. घराचं दार ती उघडंच टाकून आली होती, पण आत दिवा लावायचा होता.